कठड्यावरचा चाकू

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी ओदिलिया बोगांतेस अंगणातल्या गुइतितेच्या झाडापाशी उभी होती आणि ओल्या फडक्याने त्याच्या खोडावर वाढलेल्या पांढऱ्या ग्वारिया ऑर्किडची पानं पुसत होती. उत्तरेचा वारा सुरू झाला की बार्बा ज्वालामुखीच्या उतारावरची धूळ आमच्या गावात येते आणि पानांवर बसते. धूळ बसलेलं पान गुदमरतं, असं ओदिलियाची आई म्हणायची. म्हणून दर सोमवारी फडका.

पुढची पानं झाली. ती खोडाला वळसा घालून गल्लीकडच्या बाजूला गेली आणि थांबली. डाव्या टोकाच्या कांड्या नव्हत्या. जाड, फुगीर, पाणी साठवणाऱ्या कांड्यांची एक अख्खी रांग गायब होती आणि तिच्या जागी खोडाच्या खडबडीत सालीवर मुळांचे रुपेरी माग तेवढे उरले होते. काप सरळ होता. कापावर तपकिरी भुकटी होती. ओदिलियाने वास घेतला. दालचिनी.

झाडाशेजारी गल्लीच्या कडेने कमरेएवढी भिंत आहे. तिच्या कठड्यावर दालचिनीची डबी होती. ती तिथेच असते, कापलेल्या जागेला बुरशी धरू नये म्हणून. चाकू मात्र नव्हता. तिने एप्रनचा खिसा चाचपला. तिथेही नव्हता.

"नेफ्ताली! ऊठ. चोरी झालीय."

नेफ्ताली हा तिचा थोरला भाऊ. आयुष्यभर एरेदिया शहराची बस चालवली, आता निवृत्त. लग्न दोघांनीही केलं नाही. तो पायजम्यातच दारात आला.

"काय गेलं?"

"पांढरी."

"अख्खी?"

"डावं टोक. आणि माझा चाकू. माझ्याच चाकूने कापलं, माझीच दालचिनी लावली आणि चाकू घेऊन गेला!"

"दालचिनी लावून गेला? मग चोर नाही, डॉक्टर आला असेल."

"हसतोस काय? तू पाहिलास का चाकू? ऑर्किडचा?"

"ऑर्किडचा चाकू कसा असतो ते मला काय ठाऊक," नेफ्ताली म्हणाला आणि कॉफीचं आधण ठेवायला आत गेला.

आमच्या सांता एदुविखेसमध्ये रोप कुणी मागत नाही. मागून घेतलेलं रोप लागत नाही, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. लागतं ते चोरलेलं. पण चोरण्याचीही रीत आहे. ज्याला आपल्या झाडाचा तुकडा द्यायचा असेल तो पाहुण्यादेखत चाकू कठड्यावर ठेवतो आणि काहीतरी निमित्त काढून आत जातो. आत गेल्यावर जरा भांडी वाजवायची, म्हणजे पाहुण्याला घाई होत नाही. पाहुणा कापतो, पिशवीत टाकतो, चाकू पुसून जागेवर ठेवतो. मग दोघं कॉफी पितात. त्या तुकड्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. आभार मानले तर तुकडा सडतो. आणि तो मूळ धरेपर्यंत नेणाऱ्याने त्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर आईचं झाड लेकराला परत बोलावतं. ही झाली रीत. कठड्यावर चाकू नसताना कापलं तर मात्र ती चोरी, आणि तसं करणाऱ्याच्या हातची कॉफी गाव पीत नाही.

जांभळी ग्वारिया गावात घरोघरी आहे, कौलांवर, भिंतींवर, लिंबाच्या फांद्यांवर. पांढरी एकच, बोगांतेसांची. पवित्र शुक्रवारी सोलेदाद मातेची पालखी निघते तेव्हा पालखीभर जांभळी फुलं असतात, ती सगळ्यांची. मूर्तीच्या हातात पांढरी असतात, ती एकाच घरची. ओदिलियाच्या आईने मरताना दागिन्यांबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "फुलं देवीला दे, तुकडा कुणाला देऊ नकोस." ओदिलियाने ते इतकं पाळलं की अंगणात कुणी आलं की तिचा हात आपोआप एप्रनच्या खिशावर जायचा, चाकू आत आहे ना ते बघायला. पांढरीसाठी त्या कठड्यावर कधीही चाकू ठेवला गेला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या घरी पांढरं फूल उमललं की बोगांतेसांची पांढरी ही फक्त एक ग्वारिया होणार होती, हे तिला पक्कं माहीत होतं. एका घराजवळ दुसरं काही नसलं की असलेलं एक फार मोठं होतं.

पहिला संशय एवेलिओवर गेला, कारण पहिला तोच आला. एवेलिओ चर्चची देखभाल करतो. उपवासकाळ लागला की घरोघर जाऊन कळ्यांचा अंदाज घेतो.

"काय ओदिलियाबाई, यंदा किती देणार आपल्या माउलीला?"

"ते तू सांग. गेल्या आठवड्यात आला होतास का इकडे?"

"नाही हो. वाऱ्याने घंटेची दोरी तुटली, तिच्याच मागे होतो."

"तुझ्याकडे चाकू असतो ना रे?"

"असतो की. मेणबत्त्या खरवडायला."

"बघू."

एवेलिओने चाकू दिला. ओदिलियाने तो नाकाशी धरला, पातं उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिला. तो गेल्यावर ती भावाला म्हणाली, "मेणाचाच वास येतो."

"मग झालं की. सुटला बिचारा."

"मेण नंतरही लावता येतं."

राजधानीतला एक टोपीवाला ऑर्किडशौकीन मागच्या मोसमात फोटो काढून गेला होता. त्याच्यावर तिने एक दिवस खर्च केला. मग तिनेच त्याला सोडलं: "त्याने अख्खी नेली असती. टोक घेऊन समाधान मानणारा माणूस नव्हता तो." पाववाल्याचा विचार झाला. त्याचे हात जाड, काप नाजूक. सुटला. दिवसभर ती अशी एकेकाला खोडाजवळ उभं करायची आणि सोडून द्यायची. कांड्यांवर तांदळाचं धुवण शिंपडताना तिचं लक्ष झाडापेक्षा गल्लीत जास्त असायचं.

आणि गल्लीपलीकडे दिनोरा उगाल्दे होती.

दिनोरा विधवा, ओदिलियाच्याच वयाची. दोघी एका बाकावर शिकलेल्या. दुपारी तीनला ती गल्ली ओलांडून येणार, ओदिलिया कापडी गाळणीतून कॉफी उतरवणार, दोघी गुइतितेखाली बसून गावाची साफसफाई करणार. दिनोराच्या घरी तोरितो ऑर्किड होता, फळ्यांच्या टोपलीतून खाली लोंबत फुलणारा, वासाने रस्त्यावरचा माणूस थांबवणारा. पांढरीकडे बघून दिनोरा बरीच वर्षं म्हणायची, "काय गं बाई रूप हिचं!" आणि ओदिलिया खिशावर हात ठेवून म्हणायची, "कॉफी गार होतेय."

तर ही दिनोरा आठवडाभर आली नव्हती. सर्दी झालीय असा निरोप होता. ओदिलियाने खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाहिलं तेव्हा सर्दी झालेली बाई दारासमोरचा रस्ता खराखरा झाडत होती. मधेच तिने मान वर करून पांढरीकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली.

"पाहिलंस?" ओदिलिया म्हणाली. "अंगणात पाऊल टाकत नाही. मूळ धरायची वाट बघतेय."

"म्हणजे रीत पाळतेय," नेफ्ताली म्हणाला. "चोर कशाला रीत पाळेल?"

"चोराला लागायला नको का तुकडा?"

नेफ्ताली रेडिओकडे वळला.

समोर जाऊन विचारणं सोपं होतं. पण आमच्याकडे तसं विचारत नाहीत. ओदिलियाने गावाची पद्धत वापरली: सगळ्यांसमोर बोलायचं आणि कुणाशीच नाही. चर्चच्या सभागृहात बायका पालखीचं मखमली कापड झटकत होत्या, पितळी फुलदाण्या घासत होत्या. दिनोराही होती, दाराजवळच्या बाकावर. एवेलिओने विचारलं, "मग पांढऱ्यांचं काय ठरलं, ओदिलियाबाई?"

"यंदा माउलीच्या हातात फुलं कमी दिसली तर मला विचारू नका," ओदिलिया फुलदाणीकडे बघत म्हणाली. "चाकू नसताना कापणारे हात आहेत या गावात."



"चाकू नसताना?" दिनोराने विचारलं.

"नसताना."

"तू नीट आठवून बोलतेयस ना, ओदिलिया?"

"माझा चाकू खिशात असतो. कुणाला माहीत नाही का?"

दिनोराने हातातला फडका घडी करून बाकावर ठेवला आणि ती निघून गेली. तिने सर्दीचं नावसुद्धा काढलं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ज्याला जे समजायचं ते समजलं. दुसऱ्या दिवशी एवेलिओ दिनोराकडे जांभळ्या फुलांचा अंदाज घ्यायला गेला, तिने कॉफी पुढे केली, आणि तो म्हणाला की पोटात जरा जळजळतंय. त्या आठवड्यात दिनोराकडे आलेल्या सगळ्यांच्याच पोटात जळजळत होतं. मुरांब्यासाठी चिवेरे भोपळा फोडायला दरवर्षी तिच्याकडे चौघी जमतात. यंदा तिने तो एकटीने उंबऱ्यावर आपटून फोडला. आवाज ओदिलियाच्या स्वयंपाकघरात आला.

"बरं वाटलं?" नेफ्तालीने विचारलं.

"मला काय वाटायचंय?"

मग पांढरी उमलली. ओदिलियाची नाही, तिच्या कळ्या अजून खोळीतच होत्या. गल्लीपलीकडे दिनोराच्या लिंबावर, रस्त्याच्या बाजूच्या फांदीवर, जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या पट्टीने बांधलेल्या चार कांड्यांवर. कापलेल्या कांड्यांपैकी एकीत खोळ तयार होती, ती वेळेआधी फुटली. घायाळ झाड घाईने फुलतं. दोन फुलं होती, घशात किंचित पिवळी, बाकी धुतल्यासारखी. शाळेत जाणाऱ्या पोरांनी आधी पाहिली, मग सगळ्यांनी.

ओदिलिया खिडकीत उभी राहिली ती कॉफी गार होईपर्यंत.

"उघड्यावर लावलीय! रस्त्याकडे तोंड करून! लाज म्हणून नाही."

"तेच म्हणतो मी," नेफ्ताली संत्रं सोलता सोलता म्हणाला. "चोरीचा माल कुणी रस्त्याकडे तोंड करून लावतं का?"

ती त्याला काहीतरी सुनवायला वळली आणि तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. काळी मूठ, मुठीला हिरवी सुतळी, दगडावर घासून घासून अरुंद झालेलं पातं.

"हा कुठून आणलास?"

"हा? संत्र्याचा चाकू. माझ्या हत्यारांच्या पेटीत असतो."

"तुझ्या पेटीत कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. बाहेर कठड्यावर पडला होता. मी म्हटलं गंजेल, म्हणून उचलला. त्या दिवशी नाही का, घेवडा करपला तेव्हा."

घेवडा करपल्याचा दिवस ओदिलियाला आठवत होता, कारण ते पातेलं अजून पुरतं स्वच्छ निघालं नव्हतं. त्या दुपारी दिनोरा आली होती. ओदिलिया पांढरीच्या सुकलेल्या खोळी चाकूने खरवडत होती. आतून नेफ्ताली ओरडला होता, "करपतंय! करपतंय गं सगळं!" आणि ती धावली होती. पुढचं तिला आता एकेक करून दिसायला लागलं, आणि तिला ते गल्लीच्या बाजूने, दिनोराच्या जागेवरून दिसत होतं. ओदिलिया बोगांतेसने पांढरीसमोर उभं राहून चाकू कठड्यावर ठेवला. शेजारी दालचिनीची डबी. मग एक शब्द न बोलता ती आत गेली आणि भांडी वाजवायला लागली. पातेलं खरवडलं, आपटलं, पुन्हा खरवडलं, घासणीने घासलं. इतका वेळ आणि इतक्या मोठ्याने भांडी आमच्या गावात कुणी कधी वाजवली नसतील. याहून स्पष्ट परवानगी कुणी कुणाला दिली नव्हती. ती कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा दिनोराची पिशवी मांडीवर होती, तोंड बांधलेलं, आणि डोळे ओले. ओदिलियाला वाटलं, घेवड्याचा धूर गेला असेल.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू ऑर्किडचा चाकू विचारलास. मी संत्री सोलतो."

ती खुर्चीत बसली.

"जा आणि सांग तिला, चूक झाली म्हणावं," नेफ्ताली म्हणाला.

"काय सांगू? चाकू होता की नव्हता?"

"होता."

"म्हणजे मी दिली."

"मग दिली."

"मला द्यायची नव्हती!"

"मग म्हण, चाकू नव्हता."

"होता की रे, गाढवा!"

इथे रीत संपते. चाकू ठेवून पस्तावलेल्या माणसासाठी आमच्याकडे काही पद्धत नाही, आजवर गरज पडली नव्हती. चुकून ठेवला म्हटलं तर तुकडा परत मागितल्यासारखं होतं, आणि मागितलेलं लागत नाही. गप्प बसलं तर दिनोरा चोर राहते. ओदिलियाने दोन दिवस यात काढले. या दोन दिवसांत तिचा संशय पूर्ण गेला असं मात्र नाही. दिनोराला घेवड्याचा वास आला नसेल का? नेफ्तालीची बोंब गल्लीभर ऐकू गेली होती, ती तिला ऐकू गेली नाही? कळलं असेल आणि कळलं नाहीसं केलं असेल? हे तिने मला सांगितलं तेव्हाही ती खिडकीकडे बघूनच सांगत होती.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी ती सभागृहात गेली. बायका तशाच बसल्या होत्या, फडके तेच होते. ती बसली नाही.

"चाकू कठड्यावर होता," ती म्हणाली.

"पण त्या दिवशी तर तुम्ही..." एवेलिओने सुरुवात केली.

"होता म्हटलं ना."

कुणीतरी हळूच विचारलं, "मग पांढरी...?"

"मग पांढरी दोन घरांतून येतील."

एवेलिओ व्यवहारी माणूस आहे. "हातात कुणाची द्यायची, बाई? माउलीचे हात जोडलेले. दोघींची मावायची नाहीत."

ओदिलियाने विचार केला. "हातात माझी. पायाशी तिची."

तिथून ती सरळ दिनोराच्या फाटकाशी गेली. दिनोरा लिंबाखाली होती. तिने फाटक उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"चाकू आणलायस?"

"खिशात आहे."

"तिथेच असतो म्हणे. कुणाला माहीत नाही?"

दिनोराने ओदिलियाला थोडा वेळ तसंच उभं ठेवलं, मग म्हणाली, "ये. आज जळजळत नसेल पोटात तर बस."

ती बसली. दोघींनी वाऱ्याबद्दल बोलून घेतलं. मग दिनोरा उठली, लिंबाच्या बुंध्यापाशी असलेली आपली छोटी सुरी तिने भिंतीवर ठेवली, ओदिलियाच्या हाताच्या अंतरावर, आणि ती आत गेली. आत भांडी वाजायला लागली. चांगलीच वाजत होती.

ओदिलिया सुरीकडे बघत बसली. कशासाठी ठेवली होती ही? एका बाजूला लिंबावर पांढरी, दुसऱ्या बाजूला टोपलीतला तोरितो. परत ने, असं म्हणायचं होतं का? की परत नेते का ते बघायचं होतं? पडद्यामागे डोळे असतील का? तिने पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही, पण वारा असतानाही हलला नाही, हे तिने लक्षात घेतलं.

ती उठून पांढरीजवळ गेली. नायलॉनच्या पट्टीखालून एक नवं मूळ बाहेर आलं होतं. हिरवं, ओलसर टोक सालीला टेकून पुढे सरकलं होतं, आणि टेकलं तिथे चिकटलं होतं. आता उपटायचं तर साल तरी येणार किंवा मूळ तरी मोडणार. तिने पट्टी नखाने जरा सैल केली, कारण दिनोरा सगळंच फार आवळून बांधते. मग सुरी घेऊन ती तोरितोच्या टोपलीकडे वळली, मागच्या बाजूच्या जुन्या कांड्या एका कापात वेगळ्या केल्या, एप्रनच्या दुसऱ्या खिशात टाकल्या, सुरी पुसली आणि होती तिथे ठेवली.

आतला आवाज थांबला. दिनोरा कॉफी आणि चिवेरेच्या मुरांब्याचे पाव घेऊन बाहेर आली. तिची नजर आधी लिंबावर गेली. मग टोपलीवर. मग तिने कॉफी ओतली.

कॉफी पातळ होती. मुद्दाम केली असावी, असं ओदिलियाचं मत आहे.

"मूळ धरलंय म्हणायचं," दिनोरा कपात बघत म्हणाली.

"असेल. मी बघितलं नाही."

"म्हणजे मला आता यायला हरकत नाही तुझ्याकडे."

"तुला नाही. मला आहे."

दिनोराला ते समजायला एक घोट लागला, आणि मग ती इतकी हसली की पावाचे कण मांडीवर सांडले. ओदिलियाने आपला कप संपवला, आभार मानले नाहीत, आणि गल्ली ओलांडून घरी आली. नेफ्तालीने विचारलं काय झालं. तिने तोरितोच्या कांड्या ओट्यावर ठेवल्या, कापावर दालचिनी लावली, आणि चाकूकडे बोट करून त्याला बजावलं की संत्र्यासाठी स्वयंपाकघरात दुसरा आहे.

तोरितो मूळ धरेपर्यंत ओदिलियाला दिनोराच्या फाटकाआत जाता येणार नाही. पहिल्यासारखं दिनोरानेच यायचं, तीनला. ती आली तर ओदिलियाचा हात खिशावर जाईल का, हे मी विचारलं. "चाकू खिशातच असतो," ती म्हणाली.

उद्या झावळ्यांचा रविवार. ताज्या कापाला पहिला आठवडा पाणी देत नाहीत. म्हणून उद्या सकाळी ओदिलिया तोरितो वगळून बाकी सगळ्यांना पाणी देईल, पांढरीला आधी.